साडेचार लाखांतले उरतात किती?

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला परदेशाचे अप्रूप फारसे कधी नव्हतेच. परदेशच मुळी आमच्या दारात येऊन राहिला होता. १९५४ साली पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन तयार करण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा तिच्या पाठीशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या संस्था होत्या. पुढे आकुर्डीला जर्मन सहकार्याने सुरू झालेली बजाज टेम्पो आली, पिंपरीला टेल्को आली आणि मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना परकी नावांच्या पाट्या झळकू लागल्या. २००९ साली तर फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझ या दोघांचेही कारखाने चाकणला एकाच वर्षी सुरू झाले. भुईमूग आणि कांदा पिकवणाऱ्या मुलखात जर्मन मोटारी तयार होऊ लागल्या.

तेव्हा परदेशची माणसे इकडे येत असत. आता इकडची तिकडे जातात. प्राधिकरणात, रावेतला, मोशीला, स्पाईन रोडच्या नव्या इमारतींत चौकशी करा. दर दोन जिन्यांआड एक तरी घर असे सापडेल की ज्यातला मुलगा किंवा मुलगी स्टुटगार्टला, म्युनिकला नाहीतर वोल्फ्सबुर्गला आहे, निदान जाण्याच्या तयारीत आहे. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकणारी तरुण मंडळी तुम्हाला लोकलमध्ये सहज भेटतील. आणि कुणाचे पत्र आले की सोसायटीत पहिला प्रश्न एकच असतो, "पगार किती?"

आमच्या चिरंजिवांचे पत्र आले तेव्हा उत्तर होते, महिना साडेचार हजार युरो. २०२५ साली युरोचा भाव शंभर रुपयांच्या आगेमागे गेला होता. त्यामुळे गुणाकार करायला पाटी-पेन्सिल लागली नाही. साडेचार लाख! शेजारच्या काकूंनी तर पेढ्यांच्या आधी अभिनंदनाचा नारळ आणून दिला. हिने देवापुढे साखर ठेवली.

मी मात्र वही काढली. तो माझ्या स्वभावाचा दोष नव्हे, धंद्याची सवय आहे. मी तीस वर्षे भोसरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंगच्या टेबलावर काढली. एखादा गिअर बाजारात किती रुपयांना विकला जातो, याच्याशी कॉस्टिंगवाल्याला देणेघेणे नसते. त्याचा प्रश्न निराळा. पोलाद किती लागले, वीज किती जळली, हत्यार किती झिजले, भंगार किती निघाले, आणि हे सगळे जाऊन हातात राहिले काय? पगाराचेही तसेच आहे. पगार म्हणजे विक्रीची किंमत. संसार चालतो तो उरलेल्यावर.

पगाराची चिठ्ठी

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की जर्मनीत सांगितलेला पगार आणि हातात पडणारा पगार ही दोन वेगवेगळी माणसे आहेत. हे आकडे २०२५ सालचे आणि आमच्या वहीतले आहेत. तुमचे थोडे मागेपुढे होतील, पण चाल हीच राहील.

साडेचार हजारांतून निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के जातात, म्हणजे ४१८ युरो. बेकारी विम्याचे ५८. आरोग्य विम्याचे ३८५ च्या आसपास. म्हातारपणी कुणी शुश्रूषा करावी म्हणून एक वेगळा विमा आहे, त्याचे ८१. मूलबाळ नसलेल्याला याचाच हप्ता जास्त पडतो. आणि प्राप्तिकर सुमारे ६६०. ख्रिस्ती मंडळींना यावर चर्चचाही कर असतो. तेवढा आपल्याला लागत नाही. बेरीज १,६०० च्या घरात. हातात आले २,९००.

हे पैसे बुडाले असे मात्र समजू नये. विम्यांच्या हप्त्यांत कारखानाही जवळजवळ तेवढीच भर घालतो. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत भारत आणि जर्मनी यांचा सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्याप्रमाणे दोन्ही देशांतला नोकरीचा काळ हक्कासाठी जोडून धरता येतो आणि तिकडचे निवृत्तिवेतन इकडे राहूनही मिळू शकते. इथल्याच कंपनीने काही काळासाठी तिकडे धाडले असेल तर गोष्ट आणखी वेगळी: भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाचा दाखला नेला की ४८ महिन्यांपर्यंत निवृत्तिवेतनाचा हप्ता इथेच भरायचा, दोन्हीकडे नाही. म्हणून जाणाऱ्याने पहिल्यांदा हे विचारून घ्यावे, की मला इथली कंपनी धाडते आहे की तिथली कंपनी नेमते आहे? पत्र एकसारखे दिसते, पण चिठ्ठी निराळी निघते.

आता यातली मौज पाहा. नवरा-बायको दोघेही तिकडे राहत असतील आणि एकटा मिळवत असेल, तर त्यांना वेगळा करवर्ग घेता येतो. मग आमच्या हिशेबात २,९०० चे ३,२५० होतात. शिवाय मुलामागे सरकार २०२५ साली महिना २५५ युरो देत होते, त्याला किंडरगेल्ड म्हणतात. न मिळवणारी बायको आणि मूल यांचा आरोग्य विमा नवऱ्याच्याच हप्त्यात बसतो. पण बायको रावेतला आणि नवरा स्टुटगार्टला असेल, तर तो कितीही सात फेरे घालून गेलेला असो, तिकडच्या करखात्याच्या लेखी तो सडाच. लग्नाची पत्रिका नव्हे, एकत्र बिऱ्हाड मोजले जाते.

घर म्हणजे किती खोल्या?

स्टुटगार्ट हे गाव वाटीत बसल्यासारखे आहे. चहूबाजूंना टेकड्या, त्यांच्या उतारांवर द्राक्षांचे मळे, आणि मधल्या खोलगट जागेत शहर. मर्सिडीज तिथली, पोर्शे तिथली, बॉशचा मुख्य कारभार शेजारच्याच गावात. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, आणि एका बाबतीत तरी या बहिणींचे तोंडवळे जुळतात. दोघींकडे नोकरी आहे पण पसरायला जागा नाही! जिथे कारखाने भरपूर आणि सपाट जमीन थोडी, तिथे भाडे चढायचेच.

शिवाय तिकडची घरांची भाषा शिकावी लागते. आपल्याकडे वन बीएचके म्हटले की बैठकीची खोली, निजायची खोली आणि स्वयंपाकघर. तिकडे दोन खोल्यांचे घर म्हणजे तेवढेच, कारण बैठकीची खोलीही ते मोजतात आणि स्वयंपाकघर मोजत नाहीत. मोजत नाहीत ते एका अर्थी बरोबरच आहे, कारण पुष्कळ घरांत स्वयंपाकघर नसतेच! चार भिंती असतात आणि नळाचे तोंड असते. ओटा, मोरी, कपाटे, शेगडी हे सारे भाडेकरूने आणायचे, किंवा जाणाऱ्या भाडेकरूकडून विकत घ्यायचे. दोन हजार युरो तिथेच गेले.

भाडेही दोन प्रकारचे, एक थंड आणि एक ऊबदार. थंड भाडे म्हणजे नुसत्या जागेचे. त्यात घर गरम ठेवण्याचा खर्च, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट मिळवली की ऊबदार भाडे होते. विजेचे बिल बहुधा त्याच्याही बाहेर. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत थंड भाडे छापलेले असते आणि आपला माणूस तेच ध्यानात ठेवून येतो. तिघांना पुरेल अशा घराचे चिरंजिवांनी कळवलेले ऊबदार भाडे १,५५० युरो होते. पगाराची जवळजवळ निम्मी चिठ्ठी!

यावर दोन बाबतींत मात्र कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, आणि त्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. दुसरे म्हणजे, २०१५ पासून दलालाला ज्याने बोलावले त्यानेच त्याची दलाली द्यायची. घरमालकाने नेमलेल्या दलालाचे बिल आपल्या माथी मारून घेऊ नये.

वस्तू स्वस्त, हात महाग

इथल्या गृहिणींचा पहिला प्रश्न असतो भाजी कशी मिळते. खरे सांगायचे तर दूध, अंडी, लोणी, पीठ, बटाटे यांनी तिकडे कुणाचे दिवाळे निघत नाही. तुरीची डाळ, पोह्यांसाठी हिंदी दुकान आणि पालेभाजीसाठी तुर्की दुकान गाठले की आठवड्याची सोय होते. मग महाग काय आहे? महाग आहे तो माणसाचा हात.

२०२५ साली तिथे तासाची किमान मजुरी कायद्याने १२ युरो ८२ सेंट होती. म्हणजे जे काही दुसऱ्याच्या हातून करून घ्याल, त्याला तासाला त्याहून जास्तच मोजावे लागणार. केस कापायचे, नळ दुरुस्त करायचा, कपाट जोडायचे, बाहेर बसून जेवायचे, मूल सांभाळायला कुणाला बोलवायचे. सगळ्याला हाच भाव. आपल्याकडे याच्या अगदी उलटे आहे. इथे वॉशिंग मशीन महाग आणि धुणेवाली स्वस्त. रावेतच्या आमच्या सुनेकडे पोळ्यांना बाई आहे, भांड्यांना बाई आहे, इस्त्रीवाला दारात येतो आणि गाडी धुवायला पोऱ्या येतो. या सर्वांना मिळून जे द्यावे लागते तेवढ्यात स्टुटगार्टला एका माणसाचा एक दिवसही मिळायचा नाही.

म्हणून तिकडचा स्वस्त संसार तोच, ज्यात घरातली माणसे सगळे हाताने करतात. पोळी लाटणारा हात आपला, नळ फिरवणारा आपला, कपाटाचे स्क्रू पिळणाराही आपला. जो तिकडे जाऊन इथल्यासारखा राहतो, त्याला ते शहर महाग पडते. तिथल्यासारखे राहणाऱ्याला ते झेपते.

बाकी बारीकसारीक शिस्त आहेच. रविवारी दुकाने बंद, म्हणून शनिवारी सामान भरायचे. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. बाटली दुकानातल्या यंत्रात परत घातली की पैसे परत. आपल्या रद्दीवाल्याला जशी बाटली द्यावी तशी. घरामागे रेडिओ-टेलिव्हिजनची पट्टी महिना १८ युरो ३६ सेंट, तुमच्याकडे रेडिओ असो वा नसो. आणि एक गोष्ट फार सोयीची. मे २०२३ मध्ये देशभर चालणारा एक मासिक पास निघाला, सगळ्या शहरांतल्या बस, ट्राम आणि साध्या आगगाड्यांना चालणारा. तेव्हा तो ४९ युरोंचा होता, २०२५ साली ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३. किंमत चढली तरी या पासामुळे गावाबाहेर राहणे परवडते, हे पुढे पाहूच.

दोन रकाने

वहीच्या पानावर मी मधोमध रेघ मारली. डावीकडे "एकटा", उजवीकडे "तिघे".

एकट्याचा हिशेब सोपा. सामाईक बिऱ्हाडात एक खोली, ६५० युरो. जेवण ३००. पास ५८. फोन ३०. कपडे आणि किरकोळ १५०. वर्षातून एकदा घरी यायचे विमानभाडे महिन्याला ७५ पडते. सगळे मिळून १,२७० च्या आत. २,९०० तून वजा जाता उरले १,६३०. म्हणजे एक लाख त्रेसष्ट हजार रुपये.

तिघांचा हिशेब असा. जमा ३,२५० आणि किंडरगेल्ड २५५, मिळून ३,५०५. खर्च: भाडे १,५५०, वीज ७०, फोन-इंटरनेट ६०, रेडिओपट्टी १८, वाणसामान ६००, दोन पास ११६, बालवाडी आणि तिथले जेवण २००, कपडे १५०, औषधपाणी आणि किरकोळ १२०, तिघांचे वार्षिक विमानभाडे महिन्याला २२५. बेरीज ३,१०९. उरले ३९६. चाळीस हजार रुपये धरा.

पण कॉस्टिंगवाला एवढ्यावर थांबत नाही. इथल्या बाजूचेही मांडायला हवे. चिरंजिवांच्या रावेतच्या फ्लॅटचा हप्ता महिना ४५ हजार. सूनबाई चिंचवडच्या एका शाळेत शिकवते, तिचा पगारही ४५ हजार. घरखर्च ५० हजार. तो एकटा गेला तर तिकडचे एक लाख त्रेसष्ट, अधिक तिचा पगार, वजा हप्ता, वजा घरखर्च. हाती राहतात एक लाख तेरा हजार. तिघे गेले तर तिचा पगार गेला, घरखर्चही गेला, पण फ्लॅट २४ हजारांनी भाड्याने जातो. चाळीस अधिक चोवीस वजा पंचेचाळीस; राहतात एकोणीस हजार.

एक लाख तेरा आणि एकोणीस. फरक चौऱ्याण्णव हजारांचा. करार तीन वर्षांचा होता. छत्तीस महिन्यांनी गुणले तर जवळजवळ चौतीस लाख. आणि फ्लॅटचे कर्ज बाकी होते छत्तीस लाख!

मी पेन्सिल खाली ठेवली. हिशेब इतका स्वच्छ निघाला होता की त्याची भीती वाटावी. तो एकटा गेला तर तीन वर्षांत घर मोकळे होत होते. सगळे गेले तर तीन वर्षांनी कर्ज जवळपास आहे तिथेच.

चौऱ्याण्णव हजारांचा प्रश्न

माझ्या पिढीला या प्रश्नाचे उत्तर विचारावे लागले नाही. मी १९७९ साली फलटणहून भोसरीला आलो तेव्हा पाचजणांत एक खोली होती. कॉट बेसिसवर राहणारे तर पाळीपाळीने एका कॉटवर निजत. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला पडे. पुढे सातारा, बीड, लातूर, उस्मानाबादकडची किती माणसे अशीच आली! आम्हांलाही पिंपरी-चिंचवड परदेशासारखेच महाग होते. पगार इथला, पण बायकापोरे गावाला, आणि पोस्टात मनिऑर्डरीची रांग. माझे लग्न झाले तरी चार वर्षे ही फलटणलाच होती. मुलगा चालायला लागल्याचे मला आंतर्देशीय पत्राने कळले. त्यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. खोलीचे पागडीचे पैसे साठल्याखेरीज दुसरी वाटच नव्हती.

वही मी जेवणाच्या टेबलावर ठेवली. चिरंजिवांनी दोन्ही रकाने पाहिले आणि म्हणाले, "बाबा, एकटाच जातो. तीन वर्षे म्हणता म्हणता जातील."

सूनबाई काही बोलली नाही. बोलली ती ही. भाजी चिरता चिरता तिने मला विचारले, "अहो, तुमच्या त्या वहीत पोरगी किती वर्षांची लिहिली आहे?"

"चार."

"मग तीन वर्षांनी ती सात वर्षांची होईल. चार, पाच आणि सहा ही वर्षे कुठल्या रकान्यात घातलीत?"

कॉस्टिंगमध्ये आम्ही झिजेचा खर्च धरत असू. यंत्र उभे असले तरी त्याची वर्षे जातात, म्हणून तो मांडावाच लागतो. हिने विचारले ते तेच होते.

मग सूनबाईने वही स्वतःकडे ओढली. तिचे म्हणणे असे, की चौऱ्याण्णव हजार हा आकडा दगडावरची रेघ नव्हे; त्यातला कुठला भाग कमी करता येतो ते पाहू. तिने एकेक कलम काढले. भाडे १,५५० चे आहे ते शहराच्या वाटीतल्या घराचे. पास सगळीकडे चालतो, तर गाडीने तीस-चाळीस मिनिटांवरच्या गावात घर का घेऊ नये? दुसरे, चिरंजिवांना मिळायचे ते ब्लू कार्ड. त्या कार्डधारकाच्या बायकोला तिथे नोकरी करण्याची मुभा असते आणि जाण्यापूर्वी जर्मनची परीक्षा देण्याची सक्तीही नसते. पण सक्ती नाही म्हणून शिकायचे नाही असे थोडेच आहे? शाळा सुटल्यावर संध्याकाळचा वर्ग तिने त्याच आठवड्यात लावला. तिकडे छोट्या नोकरीचा एक प्रकार आहे, २०२५ साली त्याची मर्यादा महिना ५५६ युरो होती. तेवढ्या मिळकतीत नवऱ्याच्या आरोग्य विम्यातली तिची जागाही कायम राहते. तेवढे जरी मिळाले, तरी पंचावन्न हजारांचे भगदाड बुजते.

"आणि राहिलेल्याचे काय?" मी विचारले.

"राहिलेले आपण खर्च करू, बाबा," ती म्हणाली. "खर्चच करायचा तर एकत्र राहण्यावर करू."

पहिल्या पगाराआधीचे दहा लाख

निर्णय झाला तरी एक धोंड उरली होतीच, आणि जाणाऱ्यांपैकी बहुतेक तिच्यावरच ठेचकाळतात. पगार महिन्याच्या अखेरीस होतो. खर्च विमानतळावरच सुरू होतो. आमची यादी अशी होती: अनामत ३,६००, पहिले भाडे १,५५०, स्वयंपाकघर २,०००, खाटा-गाद्या-टेबल १,५००, आणि घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या जागेचे १,४००. दहा हजार युरो! म्हणजे दहा लाख रुपये, आणि तेही पहिल्या पगाराच्या चिठ्ठीआधी. त्यात घरमालक मागतो मागच्या तीन पगारांच्या चिठ्ठ्या. घर हवे तर चिठ्ठ्या हव्यात, आणि चिठ्ठ्या मिळेपर्यंत राहायला घर हवे!

शिवाय बिऱ्हाड केल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावे लागते, आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. नाव नोंदल्यावर कर-क्रमांक घरी येतो. तो वेळेत कारखान्यात गेला नाही तर कर जास्त दराने कापला जाण्याची पाळी येते. म्हणून तात्पुरती जागा घेतानाच विचारावे, "इथे नाव नोंदवता येईल ना?" जागा चार पैसे महाग पडली तरी चालेल, पण हा होकार हवा.

यावर आम्ही काढलेला तोडगा जुनाच, भोसरीच्या कॉट बेसिसचाच धाकटा भाऊ. चिरंजीव फेब्रुवारी २०२५ मध्ये एकटे गेले. सामाईक बिऱ्हाडात नाव नोंदवता येणारी खोली घेतली, सहा महिने वाटून खाल्ले, वाटून रांधले. महिना सोळाशेच्या आसपास मागे पडत गेले. त्यातच अनामत आणि स्वयंपाकघर निघाले. कर्ज काढावे लागले नाही. सहा महिन्यांत तीनऐवजी सहा चिठ्ठ्या हातात आल्या आणि घरमालकांची भाषा मऊ झाली. गावाबाहेर १,३२० युरोंचे घर मिळाले. ऑगस्टमध्ये सूनबाई आणि नात गेल्या. सामानात दोन कुकर, पोळपाट-लाटणे, सपाट बुडाचा तवा (तिकडे विजेची शेगडी!) आणि हिने भरून दिलेला गोडा मसाला.

पहिल्या महिन्याची शिल्लक १४० युरो होती. दुसऱ्या महिन्याची ४१०. तिसऱ्या महिन्यात नातीला हिवाळी कोट आणि बूट घ्यावे लागले आणि शिल्लक पुन्हा दोनशेवर आली. वर्ष उलटलेल्या प्रत्येक मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क तिथे २०१३ पासून कायद्याने आहे, पण हक्क असला तरी रांग आहेच. ती जागा मिळेपर्यंत सूनबाईची छोटी नोकरी कागदावरच. रावेतच्या फ्लॅटचा हप्ता भाड्यातून आणि या शिल्लकेतून कसाबसा जातो. कर्ज फिटायला जितकी वर्षे इथे लागली असती तितकीच तिथेही लागतील, असा माझा अंदाज आहे.

"मग गेले कशाला?" असे परवाच एका गृहस्थांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण त्यातले "गेले" हे अनेकवचन आहे, आणि उत्तर त्यातच आहे. एकटा गेला असता तर पैशासाठी गेला असता. तिघे गेले ते अनुभवासाठी, कामासाठी, पोरीला एक नवी भाषा आणि बर्फ दाखवण्यासाठी. पैसे येतील ते पुढे. दोन्ही कारणे चांगलीच आहेत. मात्र कुठल्या कारणासाठी जातो आहोत, हे पेढे वाटण्यापूर्वी घरात ठरलेले असावे. ज्याचे कर्ज डोक्यावर आहे, घरी आईवडील आजारी आहेत, त्याने एकटे जाऊन दोन वर्षे काढली तर त्याला कुणी नावे ठेवू नयेत. आमच्या अर्ध्या भोसरीने तेच केले आहे.

हल्ली संध्याकाळी कुणी ना कुणी सल्ल्याला येते. कुणाच्या मुलीला म्युनिकहून पत्र आलेले असते, कुणाच्या जावयाला पोलंडहून. मी त्यांना माझे आकडे सांगत नाही. आकडे गावागणिक बदलतात आणि सालागणिकही. मी कोरे पान फाडून देतो, मधोमध रेघ मारून. वर पगार नव्हे, हातात पडणारी रक्कम लिहा; घराचे ऊबदार भाडे लिहा; इथला हप्ता लिहा; आणि मुलांची वये लिहायला विसरू नका. पेन्सिलही देतो, पण ती परत आणून द्यावी अशी विनंती करतो. कॉस्टिंगवाल्याची पेन्सिल आहे, तीही हिशेबात आहे.